आपापला शेजारी बघा

माणूस साठीच्या पुढं गेला की तो प्रवासाला जात नाही, त्याला पाठवतात. कुरिअरनं पाकीट पाठवतात तसं. वर नाव, खाली पत्ता, कोपऱ्यात ‘जपून हाताळा’. आमचं पाकीट आमच्या मुलीनं पाठवलं. ‘‘बाबा, लग्नाला चाळीस वर्षं झाली तुमच्या. आता तरी आईला घेऊन फिरून या,’’ असं म्हणाली आणि मोबाईलवर तिकिटंच दाखवली.

मला हसू आलं. मला, आणि ‘आता तरी फिरून या’? एकतीस वर्षं मी टूर मॅनेजर होतो. आमच्या निम्म्या शहराला समुद्र मी दाखवला आणि उरलेल्या निम्म्याला बर्फ. कोणत्या हॉटेलात गरम पाणी सकाळी सहाला येतं आणि कोणत्यात फक्त तसं लिहिलेलं असतं, हे मी झोपेत सांगू शकतो. आणि मला कोण फिरवणार, तर कुठलीशी कंपनी, जिच्या माहितीपत्रकावर पांढरे बूट घातलेलं एक म्हातारं जोडपं एकमेकांकडे बघून खदखदा हसतंय. काय झालं म्हणून हसतायत, ते मात्र कुठंच छापलेलं नाही.

‘खास ज्येष्ठांसाठी’ असं वर ठळक अक्षरांत. आत वाचलं तर काय, दर दीड तासाला थांबा. खोली तळमजल्यावरची. जेवण कमी तेलाचं, कमी मिठाचं. दुपारी दोन ते चार सक्तीची विश्रांती. म्हणजे घरी जे करतो तेच, फक्त चारशे किलोमीटर लांब जाऊन आणि परक्या गादीवर.

‘‘ही काय सहल आहे? हे फिरतं इस्पितळ आहे,’’ मी बायकोला म्हणालो.

ती भांडी पुसून फडताळात लावत होती. शाळेत तीस वर्षं गणित शिकवलेली बाई, बोलायच्या आधी मनात एकदा ताळा करून बघते. ताटं लावून झाल्यावर म्हणाली, ‘‘मी येईन. पण एक अट आहे. या खेपेला तुम्ही माझ्या शेजारी बसायचं.’’

‘‘मग दुसरीकडं कुठं बसणार?’’

‘‘तुमचं काही सांगता येत नाही. नुसतं बसायचं. उठायचं नाही, कुणाला सूचना द्यायच्या नाहीत, ड्रायव्हरला रस्ता सांगायचा नाही. माझ्या शेजारी बसून खिडकीबाहेर बघायचं. एवढंच हवंय मला. बाकी ते समुद्रबिमुद्र काय असेल ते असेल.’’

‘‘बसेन की.’’

‘‘शब्द?’’

‘‘शब्द.’’

‘‘बघू. जित्याची खोड,’’ ती म्हणाली आणि म्हणीचा उरलेला अर्धा भाग फडताळात भांड्यांबरोबर ठेवून दिला.

हिनं अट घातली त्याला कारण होतं, ते सांगायलाच हवं. एकतीस वर्षांत ती माझ्याबरोबर एकदाच आली होती, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. घरच्या माणसाला टूरवर न्यायला कंपनीची परवानगी नव्हती. मी तिला शेवटच्या रांगेत, सामानाच्या खोक्यांशेजारी बसवलं आणि सांगितलं, ‘‘आपली ओळख नाही असं दाखव.’’ तिनं दाखवलं. तीन दिवस. मी पुढं ड्रायव्हरजवळ माईक घेऊन लोकांना हसवत होतो, आणि मागं ती खोक्यांना धरून बसली होती, कारण वळणावर खोकी तिच्या अंगावर यायची. परत आल्यावर म्हणाली, ‘‘तुम्ही बोलता छान.’’ पुन्हा कधी येते म्हणाली नाही. मला तेव्हा ती स्तुती वाटली. मी असा हुशार.

तर आम्ही निघालो. बस अठ्ठावीस सीटची, माणसं बावीस. पण सामान पन्नासांचं. मानेला लावायच्या उशा, गुडघ्याला बांधायचे पट्टे, पाठीला टेकायच्या गाद्या, आणि प्रत्येकाच्या मांडीवर गोळ्यांचा डबा, त्याला वारांप्रमाणे कप्पे. आमच्या काळात लोक प्रवासाला निघाले की आज वार कोणता हेच विसरायचे. इथं गोळी सांगत होती की आज मंगळवार. एका आजोबांनी दोन काठ्या आणल्या होत्या, एक सपाट रस्त्यासाठी आणि एक चढासाठी. दोन्ही त्यांच्या बायकोच्या हातात होत्या.

पहिल्या रांगेत एकच बाई एकटी होती. इस्पितळात मेट्रन म्हणून निवृत्त झालेली, शेजारच्या सीटवर भलीमोठी बॅग आडवी ठेवून बसलेली. ही तिची अकरावी सहल. ‘‘नवरा होता तोवर एकदाही गेले नाही. त्याला बस लागायची,’’ असं तिनं चढता-चढताच कुणीही न विचारता सांगून टाकलं.

आणि आमची मॅनेजर. अठ्ठावीसेक वर्षांची पोरगी, गळ्यात दोरी, दोरीला शिट्टी. मी पाहिल्या क्षणी तिचं नाव शिट्टी ठेवलं. म्हाताऱ्या माणसांना शिट्टी वाजवून बोलवायचं? आम्ही काय कवायतीला आलोय? त्याच दोरीला माणसं मोजायचं एक यंत्रही होतं, अंगठ्यानं दाबायचं, टक, टक, टक. प्रत्येक थांब्यानंतर ती सीटासीटांमधून टकटक करत मागंपर्यंत जायची आणि परत टकटक करत पुढं यायची. दोन आकडे जुळले तर बस सुटणार.

‘‘चार मिनिटं गेली,’’ मी बायकोला म्हणालो. ‘‘मी सात सेकंदांत करायचो.’’

‘‘खिडकीबाहेर बघा. मेंढ्या आहेत,’’ ती म्हणाली.

माझी पद्धत मी कुणाकडून शिकलो नव्हतो, माझी मीच काढली होती. डोकी मोजायचीच नाहीत. डोकी वाकतात, बुटाची लेस बांधतात, पांघरूण घेऊन झोपतात. पुढं उभं राहायचं आणि खणखणीत आवाजात म्हणायचं, ‘‘आपापला शेजारी बघा! कुणाचा शेजारी नाही?’’ ज्याचा नसेल तो हात वर करतो. संपलं. माणूस स्वतःला विसरेल पण शेजार रिकामा झाला तर त्याला गार वारा लागतो. एकतीस वर्षांत या पद्धतीनं माझं एक माणूस मागं राहिलं नाही. पुढं आमच्या कंपनीत सगळेच ती वापरायला लागले, आणि माझ्या निरोप समारंभात साहेबांनी भाषणात तिचा उल्लेखही केला होता. चुकीचा केला, पण केला.

पहिला दिवस मी शब्द पाळला. म्हणजे बसलो. एक पाय वाटेत होता, पण बसलो. शिट्टीनं जेवणाला बस चुकीच्या बाजूला लावायला सांगितली, मी गप्प. खोल्यांच्या किल्ल्या वाटताना गोंधळ घातला, मी जीभ चावली. दोन काठ्यावाल्या आजोबांना वाटेत तीनदा उतरायचं होतं, तिनं तीनदा थांबवलं. आमच्या वेळी मी एकदा थांबवायचो आणि दुसऱ्या वेळी असा एक विनोद करायचो की माणूस लाजेनं बसून राहायचा. बायको मात्र खुशीत होती. तिनं खिडकीतून मला एक पूल दाखवला, एक निळं छप्पर दाखवलं, सायकलवर शिडी घेऊन चाललेला एक माणूस दाखवला. मी ‘हं’ म्हणत होतो. तिला तेवढं पुरत होतं असं दिसत होतं. संध्याकाळी उतरताना तिनं माझ्या दंडाला धरलं, पायऱ्यांवर पाय घसरू नये म्हणून नव्हे, पायऱ्या संपल्यावरही धरून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घाटाच्या अलीकडं चहाला थांबलो. हा थांबा माझ्या ओळखीचा. चहावाला बदलला होता, चहा तसाच पाणचट होता. बायकोनं बसमध्येच एक संत्रं सोललं होतं, अर्धं रुमालावर माझ्यासाठी ठेवलं होतं. खाली उतरल्यावर म्हणाली, ‘‘मागच्या बाजूनं पायवाट आहे. तिथून तळं दिसतं म्हणे, मेट्रनबाई सांगत होत्या. चला ना.’’

‘‘तिथं काही नाही.’’

‘‘तुम्ही पाहिलंय?’’

‘‘अगं, दोनशे वेळा आलोय इथं.’’

‘‘ते नाही विचारलं,’’ ती म्हणाली, जरा थांबली, आणि एकटीच गेली.

मी बसजवळ थांबलो, कारण माझं लक्ष शिट्टीकडं होतं. ती दाराशी उभी राहून फोनवर पुढच्या हॉटेलशी भांडत होती. तळमजल्याच्या दोन खोल्या त्यांनी दुसऱ्याच कुणाला दिल्या होत्या. कसं भांडावं हेही तिला येत नव्हतं, मध्येमध्ये ‘प्लीज’ म्हणत होती. माणसं येऊन बसली, ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं, आणि हिचं आपलं ‘प्लीज, प्लीज’ चाललेलंच. यंत्र गळ्यात लोंबत होतं.

मला राहवलं नाही. मी वर चढलो आणि ड्रायव्हरच्या डोक्यावरचा माईक काढून घेतला.

‘‘काका, थांबा, मी मोजते,’’ शिट्टी फोनवर हात ठेवून म्हणाली.

‘‘तू भांड. मोजायचं काम माझ्यावर सोड. मी हे काम सुरू केलं तेव्हा तू जन्मली नव्हतीस.’’

माईक हातात आला आणि काय सांगू! आवाज आपोआप खाली उतरला, पोटातून यायला लागला. माझं सोडून एकवीस तोंडं माझ्याकडं वळली. म्हणजे तेव्हा मला ती एकवीसच वाटली. ‘‘मंडळी!’’ मी म्हणालो. ‘‘आपापला शेजारी बघा! दुसऱ्याची पंचाईत नको, फक्त आपला शेजारी. कुणाचा शेजारी नाही?’’

मंडळींनी माना वळवल्या. एकही हात वर आला नाही; मेट्रनबाईंच्या शेजारी तर बॅगच होती.

‘‘सात सेकंद,’’ मी शिट्टीला म्हणालो आणि ड्रायव्हरकडं वळलो. ‘‘घ्या गाडी.’’

ती काहीतरी बोलणार होती, पण हॉटेलवाला पलीकडून ओरडत होता. बस निघाली. मी माईक ठेवायला हवा होता. नाही ठेवला. घाट सुरू झाला, लोक कंटाळलेले, आणि माझ्याकडं एकतीस वर्षांचा माल साठलेला. मी त्यांना बर्फात अडकलेल्या बसची गोष्ट सांगितली. हॉटेलातली बादली घरी नेणाऱ्या वकिलाची सांगितली. मग माझी हुकमी गोष्ट काढली, त्या झोपाळू नवऱ्याची. मी शेजारी बघा म्हणालो तेव्हा त्यानं डोळे न उघडता शेजारची उशी थोपटली आणि ‘आहे’ म्हणाला. बायको बिचारी खाली दुकानात कानातलं निवडत होती. एका दुसऱ्याच बाईनं सांगितलं म्हणून वाचली. लोक डोळे पुसेपर्यंत हसले. मेट्रनबाईसुद्धा हसल्या. मी म्हटलं, बघ शिट्टे, याला म्हणतात टूर.

घसा सुकला तेव्हा पाणी प्यायला माझ्या जागेवर गेलो.

माझ्या सीटवर रुमालावर अर्धं संत्रं होतं. खिडकीच्या सीटवर तिची पिशवी होती. पिशवीत तिचा फोन, त्या फोनमध्ये आई कुठं आहे ते मुलीला दिसण्याची सोय. म्हणजे मुलीच्या हिशेबानं आई घाट चढत होती.

आधी वाटलं, मागं कुणाशी बोलत बसली असेल. शेवटच्या रांगेपर्यंत जाऊन आलो. पांघरुणं उचलून बघितली, लोक रागावले. मग मी बसच्या मध्यभागी उभा राहिलो, आणि ज्या आवाजाचा एवढा तोरा होता तो काही केल्या बाहेर येईना.

‘‘काका, काय झालं?’’ शिट्टीनं विचारलं.

‘‘काकू नाहीये.’’

‘‘कधीपासून?’’

या प्रश्नाचं उत्तर सगळ्या बसला माहीत होतं. हात एकानंच वर करायचा होता, आणि तो माईक धरण्यात गुंतला होता. मी आयुष्यभर पुढं उभा राहून हा प्रश्न विचारला, आणि मला कधी शेजारीच नव्हता. उभ्या माणसाला शेजारी नसतो. या खेपेला होता, त्याची मला सवय नव्हती, झालं. हे कारण मी मनात पुन्हापुन्हा घोळवून पाहिलं. एकदाही बरं वाटलं नाही.

शिट्टी रागावली नाही. रागावली असती तर मला उलट बोलता आलं असतं. तिनं ड्रायव्हरला सांगितलं, पुढच्या रुंद वळणावर वळव. मग फोन काढून चहावाल्याला लावला. प्रत्येक थांब्याचा नंबर तिच्याकडं होता, माझ्याकडं कधी नव्हता. चहावाला बघून आला आणि म्हणाला, बाई मागं बाकावर बसल्यात, चहा दिलाय, ठीक आहेत.

‘‘आम्ही येतोय म्हणून सांगा त्यांना,’’ शिट्टी म्हणाली. मग ऐकत राहिली आणि माझ्याकडं न बघता फोन बंद केला. ‘‘काकू म्हणाल्या, घाई नाही.’’

घाट उतरताना पहिल्या रांगेतून मेट्रनबाई काचेशी बोलावं तसं बोलल्या, ‘‘लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.’’ मी ऐकलं नाही असं दाखवलं. ती सापडली होती, सुखरूप होती, आणि तरी मला तिच्यापर्यंत पोचायची भीती वाटत होती. एवढी भीती मला बर्फातल्या बसमध्येही वाटली नव्हती.

चहाच्या टपरीमागं खरंच पायवाट होती. शंभर पावलं गेलो असेन. खाली तळं होतं. मोठं, हिरवट, मध्ये एक बेट, त्यावर पांढरे पक्षी. दोनशे वेळा येऊन मी शंभर पावलं टाकली नव्हती, आणि लोकांना मात्र ठणकावून सांगत आलो होतो की मागं बघण्यासारखं काही नाही. बाकावर ती पाठमोरी बसली होती. बाजूला रिकामा कप.

‘‘अगं,’’ मी म्हणालो.

‘‘आलात?’’ ती मागं न वळता म्हणाली.

‘‘तू घाबरली असशील.’’

‘‘पायवाटेनं वर येत होते तेव्हा बस निघत होती. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. नाही मारली.’’

‘‘का?’’

‘‘म्हटलं बघू.’’ मग तिनं वळून माझ्याकडं पाहिलं. ‘‘कधी लक्षात आलं?’’

इथं मी खरं बोलायला हवं होतं. पण गिऱ्हाइकाला शांत करायची एवढ्या वर्षांची सवय. ‘‘पाच-दहा मिनिटांतच,’’ मी म्हणालो. ‘‘लगेच फिरलो.’’

‘‘वाटेत कुठं थांबलात?’’

‘‘छे! एक क्षणही नाही.’’

तिनं मनगटावरचं घड्याळ पाहिलं. अशा बाईशी मी लग्न केलं आहे, जिनं तीस वर्षं पोरांना गाड्यांची गणितं घातली. अमुक गाडी अमुक वाजता सुटली तर तमुक गाडीला कुठं गाठेल.

‘‘जाऊन यायला ऐंशी मिनिटं लागली,’’ ती म्हणाली. ‘‘जायला चाळीस, यायला चाळीस. चाळीस मिनिटं तुम्ही माझ्या शेजारी नव्हता, आणि तुम्हाला कळलं नाही.’’

‘‘मी माईकवर...’’

‘‘ते माहीत आहे. तुम्ही बोलता छान.’’

ती उठली. मी दंड पुढं केला. पायवाटेला चढ होता, पण तिनं बाकाचा हात धरला, मग झाडाची फांदी धरली, आणि वर गेली.

बसमध्ये चढल्यावर ती पहिल्या रांगेशी थांबली. मेट्रनबाईंनी काही न विचारता शेजारची बॅग उचलली आणि वर फळीवर टाकली. ती तिथं बसली. मी माझ्या जागेवर गेलो. खिडकीच्या सीटवर तिची पिशवी, माझ्या सीटवर ते संत्रं. मी ते उचलून मांडीवर घेतलं आणि बसलो. पाय वाटेत काढायला आता कारण उरलं नव्हतं.

शिट्टी पुढं आली. यंत्र गळ्यातच होतं, तिनं त्याला हात लावला नाही. तिनं माईक घेतला. त्यात टोमणा होता की नाही ते मला आजही कळलेलं नाही. पोरगी टोमणे मारणाऱ्यांतली वाटत नव्हती, शिकणाऱ्यांतली वाटत होती.

‘‘मंडळी, आपापला शेजारी बघा,’’ ती म्हणाली. ‘‘कुणाचा शेजारी नाही?’’

मी हात वर केला.

शिट्टीनं माझ्याकडं पाहिलं, मग पहिल्या रांगेकडं पाहिलं, काय करावं तिला कळेना. बायको खिडकीबाहेर बघत होती. मान न वळवता, पोरांच्या वहीत बरोबरची खूण करावी इतक्या शांतपणे ती म्हणाली, ‘‘असू दे. माणसं बावीस आहेत. घ्या गाडी.’’